बाहेरून आत

तान्ह्या बाळाच्या गालांवर खरखरीत, लालसर चट्टे उठले की घरात पहिला प्रश्न बाळाच्या आईला विचारला जातो: काय खाल्लं होतंस? मग वांगं बंद होतं, शेंगदाणे बंद होतात, अंडं आणि मासळी तर आधीच बंद असते. कुणी म्हणतं, दुधातून उष्णता गेली. कुणी म्हणतं, रक्त खराब आहे, ते बाहेर पडतंय तर पडू द्या. दवाखान्यात 'ॲलर्जी आहे' एवढं एकच वाक्य ऐकायला मिळालं की घरचे पुन्हा ताटाकडेच वळतात. ही उत्तरं वेगवेगळी दिसली तरी त्यांचं गृहीतक एकच आहे: दोष शरीराच्या आत आहे आणि कातडीवर दिसतो तो केवळ त्याचा परिणाम. गेल्या वीस वर्षांतल्या संशोधनाने याच गृहीतकाला धक्का दिला आहे. लहान मुलांचा इसब, ज्याला वैद्यकात ॲटोपिक डर्माटायटिस म्हणतात, बऱ्याच अंशी बाहेरून आत जाणारा आजार आहे. आधी त्वचेचं आवरण कमकुवत असतं, त्यातून नको ते आत शिरतं आणि मग आतली प्रतिकारयंत्रणा चवताळते. हा क्रम नीट लक्षात आला नाही तर उपचार भलत्या जागी होतात. आई अर्धपोटी राहते आणि बाळाची कातडी कोरडी ती कोरडीच राहते.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. इसब असलेल्या बहुसंख्य मुलांमध्ये तो पाच वर्षांच्या आत सुरू होतो, त्यातही निम्म्याहून अधिक जणांना पहिल्याच वर्षात. तान्ह्या बाळाचे गाल, कपाळ, डोकं, हातापायांच्या बाहेरच्या बाजू इथे तो दिसतो. लंगोटाखालची जागा मात्र बहुधा सुटते, कारण तिथे ओलावा टिकून असतो. दोन-तीन वर्षांच्या मुलात तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, मानेवर, मनगटांवर सरकतो. खाज हे त्याचं मुख्य लक्षण. खाज नसेल तर तो इसब नव्हे असं समजायला हरकत नाही. पाठ्यपुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असल्यामुळे लाली शोधण्याची सवय लागते. आपल्याकडच्या सावळ्या मुलांत तीच सूज तपकिरी, राखाडी किंवा जांभळट दिसते. पुष्कळदा केसांच्या मुळाशी बारीक बारीक पुटकुळ्या दिसतात. बरं होताना त्या जागी फिकट डाग राहतात, घरचे कोडाच्या शंकेने घाबरतात किंवा जंताचं औषध आणतात. ते डाग कोडाचे नसतात, जंतांचेही नसतात. सूज ओसरली की काही महिन्यांत रंग परत येतो. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. घरात आणखी कुणालाही रात्री खाज सुटत असेल आणि बाळाच्या तळव्यांवर, तळपायांवर फोड असतील तर खरजेची शक्यता आधी तपासावी, कारण तिचा उपचार साफ वेगळा आहे.

आता आवरणाकडे येऊ. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या जागा स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. विटा आणि त्यांच्यामधला चुना अशी ही रचना आहे. या विटा घट्ट बांधायला फिलॅग्रिन नावाचं प्रथिन लागतं. ते पेशीतल्या केराटिनच्या तंतूंना एकत्र आवळतं आणि पुढे स्वतः विघटित होऊन असे घटक तयार करतं, जे पाणी धरून ठेवतात आणि त्वचा किंचित आम्लधर्मी राखतात. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या आयरिश सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांना इसब होण्याची शक्यता बरीच जास्त असते. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दहापैकी एकाच्या अंगी असा बिघाड असतो. या शोधाचं महत्त्व इतकंच नव्हतं की एक जनुक सापडलं. फिलॅग्रिनचं काम त्वचेच्या आवरणात चालतं. रक्त किंवा पचन यांच्याशी ते जनुक थेट निगडित नाही. ज्या आजाराला सगळं जग ॲलर्जीचा आजार म्हणत होतं, त्याची सर्वांत ठळक आनुवंशिक खूण आवरणाच्या प्रथिनात निघाली.

आवरण सैल पडलं की दोन गोष्टी एकाच वेळी होतात. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं साबण, धूळ, घाम, लोकरीचे तंतू, जंतू हे सगळं आत शिरायला वाट मिळते. त्वचेची आम्लता घटली की स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू तिथे बस्तान बसवतो. इसबाच्या चट्ट्यांवर तो बहुसंख्य रुग्णांत सापडतो. आत शिरलेल्या या गोष्टींना प्रतिकारयंत्रणा सुजेने उत्तर देते. सुजेतून खाज येते, खाजेतून नखं चालतात आणि नखांनी उरलंसुरलं आवरणही फाटतं. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे: सूज स्वतःच फिलॅग्रिनची निर्मिती कमी करते. म्हणजे ज्यांच्या जनुकात काहीही बिघाड नाही, त्यांचंही आवरण एकदा इसब सुरू झाल्यावर कमकुवत होतं. भारतीय मुलांमध्ये युरोपात आढळणारे ते ठराविक बिघाड तितके दिसत नाहीत, तरी त्यांना इसब होतोच. तेव्हा आतलं काहीच नाही असं कुणी म्हणत नाही. आवरण आणि सूज एकमेकांना बिघडवत जातात. यातलं आवरण आपल्या हाताला लागतं, दिवसातून दोनदा, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी उभं राहूनही, आणि म्हणून उपचाराची सुरुवात तिथून होते.

जनुकांवर सगळं ढकलता येत नाही याचा आणखी एक पुरावा आहे. जगभरच्या मुलांमधल्या दमा आणि ॲलर्जीचा आयझॅक नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात सहा-सात वर्षांच्या मुलांमधलं इसबाचं प्रमाण भारतातल्या एका केंद्रात 0.9 टक्के, तर इक्वेडोरमध्ये 22.5 टक्के निघालं. माणसांच्या जनुकांत एवढा फरक नसतो. राहणी, हवा, पाणी, शहरीपणा यांचा वाटा मोठा असणार. आपल्याकडे पूर्वी हा आजार फारसा ऐकू येत नव्हता ही आजीची आठवण त्यामुळे खोटी ठरवायचं कारण नाही. पण पूर्वी नव्हता म्हणून पूर्वीच्याच पद्धतीने तो बरा होईल असा निष्कर्ष काढायचा असेल, तर त्या पद्धती एकेक करून पाहायला हव्यात.

बाळाची आंघोळ आपल्याकडे सोहळाच असतो. तेलाने रगडून मालीश, मग बेसन किंवा मसुरीच्या डाळीचं पीठ, साय-हळद, कढत पाणी, नंतर पावडर, शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी आणि वरून लोकरीचं टोपरं. निरोगी बाळ यातलं बरंच सोसतं. इसब असलेलं बाळ सोसत नाही. बाळाच्या त्वचेचा बाहेरचा थर मोठ्या माणसापेक्षा पातळ असतो आणि वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असतं. पीठ चोळण्याने तो थर खरवडला जातो, कढत पाण्याने स्निग्धांश धुतला जातो. धूर आणि उष्णता खाज वाढवतात. साध्या वडीच्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, त्वचेचा पाचच्या आसपास. तेव्हा कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांची आंघोळ, साबणाऐवजी सौम्य साबणविरहित क्लिन्झर आणि तोही मळलेल्या जागीच, हे इसब असलेल्या बाळाला पुरतं. आंघोळच बंद करावी असं काहीजण सुचवतात. त्याची गरज नाही. घाम, लाळ, दूध आणि जंतू धुऊन जाणं चांगलंच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर घामच इसबाला चेतवतो, तिथे रोजची आंघोळ हवीच. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत उलट, आंघोळीनंतर अंग टिपून तीन-चार मिनिटांच्या आत मलम लावलं नाही तर आंघोळीचा तोटाच होतो.

तेलाचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण तेलमालीश ही केवळ त्वचेची गोष्ट नाही. स्पर्श, झोप, आजीचा हात हे सगळं तिच्यात आहे आणि ते सोडायला सांगणं मला पटत नाही. तेल कुठलं, हे मात्र पाहावं लागेल. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांच्या हातांवर ऑलिव्ह तेल लावल्यावर आवरण कमकुवत झालेलं आढळलं, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. मोहरीच्या तेलाने प्राण्यांच्या त्वचेची दुरुस्ती रेंगाळते असंही दिसलं आहे. खोबरेल तेलाची बाजू बरी आहे. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या 117 मुलांवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेलाने खनिज तेलापेक्षा जास्त आराम पडला. एका चाचणीवर फार मोठा इमला उभारू नये, पण कोकणात आणि गोव्यात घरोघरी असलेलं साधं, बिनवासाचं खोबरेल तेल बाळाला हलक्या हाताने लावायला हरकत नाही एवढं त्यावरून म्हणता येतं. तेल ओलावा अडवतं, पण पाणी धरून ठेवत नाही. म्हणून जिथे चट्टे आहेत तिथे केवळ तेलावर भागत नाही. घाण्याचं शेंगतेल मात्र फुटलेल्या कातडीवर लावू नये. त्याचं कारण पुढे अन्नाच्या चर्चेत येईल.

मॉइश्चरायझर म्हणजे प्रसाधन, असा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की चिठ्ठीवर ते शेवटी लिहिलेलं असलं तर विकत घेतलंच जात नाही. इसबात ते औषध आहे. ते विटांमधला चुना तात्पुरता भरून काढतं, पाणी अडवतं, खाज कमी करतं आणि सूज उतरवणाऱ्या मलमाची गरज घटवतं. कुठलं घ्यायचं यावर पालक आणि दुकानदार फार वेळ घालवतात. इंग्लंडमध्ये 550 मुलांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम या चार प्रकारांची तुलना केली गेली. परिणामात उल्लेखनीय फरक पडला नाही. जे मूल लावू देतं आणि जे घराला परवडतं ते चांगलं. वास, रंग आणि वनस्पतींचे अर्क असलेलं टाळावं, कारण फुटलेल्या कातडीला तेच झोंबतं. आंघोळीच्या पाण्यात घालायची महागडी तेलं तर सरळ सोडून द्यावीत: 483 मुलांच्या चाचणीत, 2018 साली, त्यांचा काही उपयोग दिसला नाही. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचंही तसंच. बोअरवेलचं जड पाणी कातडीला त्रास देतं हे खरं असलं तरी 336 मुलांच्या घरी यंत्र बसवून पाहिलं तेव्हा इसबात फरक पडला नाही. पैसा खर्चायचाच तर तो साध्या, बिनवासाच्या मलमाच्या मोठ्या डब्यावर खर्चावा. आठवड्याला 150 ते 250 ग्रॅम लागतं. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवली जात असेल तर उपचार सुरूच झालेला नाही असं समजावं. परवडत नसेल तर पांढरी पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि चांगली आहे. ती लावलेल्या बाळाला शेगडीजवळ किंवा निरांजनाजवळ मात्र नेऊ नये. पॅराफिन मुरलेले कपडे चटकन पेट घेतात.

इथे जाणता वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. आवरण सैल असणं हेच मूळ असेल तर जन्मापासून मॉइश्चरायझर लावून इसब टाळता आला पाहिजे. 2014 च्या सुमारास झालेल्या दोन लहान अभ्यासांनी तशी आशा दाखवली होती. मग 2020 साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. ब्रिटनमध्ये घरात ॲलर्जीचा इतिहास असलेली 1394 नवजात बाळं घेऊन निम्म्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं गेलं. दोन वर्षांच्या वयात इसबाचं प्रमाण एका गटात 23 टक्के, दुसऱ्यात 25. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे 2400 बाळांच्या चाचणीतही प्रतिबंध दिसला नाही. ब्रिटनच्या चाचणीत तर मलम लावलेल्या बाळांना त्वचेचा जंतुसंसर्ग किंचित जास्तच झाला. या निकालांनी एक मोह संपवला: निरोगी बाळाला केवळ भविष्याच्या भीतीने मलमात बुडवण्यात अर्थ नाही. पण म्हणून झालेल्या इसबात मॉइश्चरायझर निरुपयोगी ठरत नाही, कारण तिथला पुरावा वेगळ्या चाचण्यांतून आलेला आणि भक्कम आहे. ज्याने आजार बरा ठेवता येतो त्याने तो टाळता येईलच असं नसतं. जन्मजात प्रथिनाची उणीव वरून लावलेल्या मलमाने भरून निघत नाही. ते मलम फुटलेली जागा झाकतं. आवरणाच्या सिद्धान्ताची ही मर्यादा मान्य करूनच पुढे जायला हवं.

मर्यादा मान्य केली की स्टिरॉइडचा प्रश्न टाळता येत नाही. सूज पेटलेली असताना नुसतं मॉइश्चरायझर पुरत नाही, आणि सूज आवरणाला खात राहते हे आपण पाहिलं. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन यांनी त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन वापरून इसब आटोक्यात येतो हे दाखवलं. 70 वर्षांनंतरही साध्या इसबात पहिलं औषध तेच आहे. तरी त्याची धास्ती जगभर आहे. नॉटिंगहॅममधल्या 200 रुग्णांच्या आणि पालकांच्या पाहणीत सुमारे 73 टक्क्यांनी स्टिरॉइड मलमाबद्दल चिंता व्यक्त केली आणि जवळपास चौथ्या हिश्शाने त्यापायी औषध टाळल्याचं सांगितलं. आपल्याकडे या धास्तीला खरं कारणही आहे. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखी तीव्र स्टिरॉइड्स प्रतिजैविकं आणि बुरशीनाशकं यांच्याबरोबर एकाच ट्यूबमध्ये घालून वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय विकली गेली. लोकांनी ती गोरं होण्यासाठी, गजकर्णासाठी, पुरळासाठी वापरली आणि कातडी पातळ पडली, चेहऱ्यावर रक्तवाहिन्या उमटल्या, गजकर्ण चिवट झाला. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध मोहीम उघडली आणि 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. म्हणजे जी भीती आई-वडिलांच्या मनात आहे ती कल्पनेतली नाही. ती चुकीच्या औषधाची, चुकीच्या जागेची आणि अमर्याद काळाची भीती आहे.

त्या तिन्ही गोष्टी हातात ठेवता येतात. बाळाच्या चेहऱ्याला सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, अंगावरच्या जाड चट्ट्यांना डॉक्टर ठरवतील ते मध्यम तीव्रतेचं, लंगोटाखाली आणि पापण्यांवर विचारल्याशिवाय काहीच नाही. किती लावायचं याचं माप पेरावर आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून सांध्यापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून एक रेघ, एका पूर्ण पायाला दीड. घाबरून याच्या चौथाई लावलं की सूज अर्धवट दबते, चार दिवसांनी परत उसळते आणि महिनाभराचा हिशेब केला तर एकूण स्टिरॉइड जास्तच पोटात घातल्यासारखं होतं. दिवसातून एकदा, पुरेसं, कातडी हाताला मऊ लागेपर्यंत, मग बंद: हा क्रम सुरक्षित आहे. 2002 साली 207 मुलांवर झालेल्या चाचणीत तीन दिवसांचं तीव्र मलम आणि सात दिवसांचं सौम्य मलम यांचा परिणाम सारखाच निघाला आणि 18 आठवड्यांनंतर कातडी कुठल्याच गटात पातळ झालेली दिसली नाही. वारंवार उसळणाऱ्या इसबात, शांत काळातही आठवड्यातून दोन दिवस जुन्या जागांवर मलम लावलं तर उसळी कमी येते हेही सिद्ध झालं आहे. खाजेच्या औषधांचं मात्र वेगळं आहे. इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे येत नाही, त्यामुळे ॲलर्जीच्या सिरपने गुंगी येते, खाज फारशी थांबत नाही. लहान बाळाला केवळ निजवण्यासाठी असं औषध देऊ नये.

'मलमाने रोग दाबला की तो आत जातो आणि दमा होतो' हा समज मी अडाणीपणाचा मानत नाही. त्यामागे खरं निरीक्षण आहे. पुष्कळ मुलांत पहिल्या वर्षी इसब, नंतर अन्नाची ॲलर्जी आणि मग शाळेच्या वयात दमा किंवा शिंकांचा त्रास असा क्रम दिसतो. इसब मधल्या काळात ओसरलेला असतो, उपचाराने किंवा आपोआप. पाहणाऱ्याला वाटतं, कातडीवरचा रोग छातीत उतरला. पण उपचार न केलेल्या मुलांतही हाच क्रम दिसतो, आणि इसब जितका तीव्र व जितका दीर्घ, तितकी पुढच्या ॲलर्जीची शक्यता जास्त. आत जाणारी गोष्ट आहे, फक्त ती दाबल्यामुळे जात नाही. उघड्या राहिलेल्या कातडीतून ती जाते.

लंडनमधले बालॲलर्जीतज्ज्ञ गिडिअन लॅक यांचं काम इथे महत्त्वाचं ठरतं. 2003 साली त्यांच्या गटाने दाखवलं की शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या फुटलेल्या कातडीवर तान्हेपणी शेंगतेल असलेली मलमं लावली गेली होती. लंडनमधली ज्यू मुलं आणि तेल अवीवमधली ज्यू मुलं यांची तुलना केली तेव्हा लंडनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट निघाली. इस्रायलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खातात, लंडनमध्ये तो टाळला जात होता. यावरून लॅक यांनी मांडलेला विचार असा: अन्न तोंडातून पोटात गेलं तर शरीर त्याला आपलं मानायला शिकतं, तेच फुटलेल्या कातडीतून आत शिरलं तर शत्रू मानतं. मग चाचणी झाली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाचव्या वर्षापर्यंत टाळायला लावलं. 2015 साली निकाल आला: टाळणाऱ्यांत 17.2 टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत 3.2 टक्के. जपानमध्ये त्यापुढचा प्रश्न विचारला गेला: कातडी लवकर आणि पूर्ण बरी केली तर अन्नाची ॲलर्जी कमी होते का? सुमारे 650 बाळांवरच्या या चाचणीत, 2023 साली, जोरकस उपचार मिळालेल्या बाळांमध्ये अंड्याची ॲलर्जी 31.4 टक्के, नेहमीचा उपचार मिळालेल्यांत 41.9 टक्के दिसली. जोरकस उपचाराच्या बाळांची उंची आणि वजन मात्र किंचित कमी भरलं. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, पण त्वचा बरी केल्याने अन्नाची ॲलर्जी घटू शकते हे तिने दाखवलं.

मग ताटाचं काय? काही मुलांना, विशेषतः तीव्र इसब असलेल्या बाळांना, दूध किंवा अंडं यांची खरी ॲलर्जी असते. खाल्ल्यावर मिनिटांत किंवा दोन तासांच्या आत गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी, श्वास लागणं ही तिची लक्षणं, आणि ती दिसली तर तपासणी हवीच. पण सौम्य-मध्यम इसबात पदार्थ बंद करून फायदा होणारी मुलं थोडी. रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला दिसला म्हणून सरसकट दूध, गहू, डाळ, अंडं बंद केलं तर वाढत्या वयात प्रथिनं आणि लोह कमी पडतं, आणि जो पदार्थ मूल सहज पचवत होतं त्याचीच पुढे खरी ॲलर्जी होण्याचा धोका उभा राहतो. गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आईने पथ्य पाळल्याने बाळाचा इसब टळतो असा पुरावा मिळालेला नाही. आईने पोटभर, सगळं खावं. सहाव्या महिन्यात वरचं अन्न सुरू झालं की शेंगदाण्याच्या कुटाची पातळ पेज, नीट शिजलेलं अंडं बाळाला मिळू द्यावं. अख्खे दाणे मात्र नकोत, ते घशात अडकतात. इसब तीव्र असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारून द्यावा. घाण्याच्या शेंगतेलात प्रथिनांचे अंश राहतात, म्हणून ते फुटलेल्या कातडीला लावायचं नाही, ताटात आलं तर चालतं.

एवढं सगळं करूनही न आवरणारा इसब असतो. पिवळट खपल्या धरल्या, चट्टे पाझरू लागले तर जंतुसंसर्ग झालेला असतो. एकसारख्या आकाराचे, खोलगट, दुखणारे फोड झपाट्याने पसरले आणि ताप आला तर तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागतं. ओठावर ताप उतू गेलेल्या माणसाने इसबाच्या बाळाचा मुका घेऊ नये तो याचसाठी. दोन वर्षांवरच्या मुलांच्या चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस हे स्टिरॉइडविरहित मलम आहे, आणि अतितीव्र इसबासाठी अमेरिकेत 2022 पासून सहा महिन्यांच्या बाळालाही डुपिलुमॅबचं इंजेक्शन देता येतं. ते फार महाग आहे. बहुतेक मुलांना त्याची वेळ येत नाही.

त्यांना गरज असते ती दुसऱ्याच गोष्टीची. 2003 साली शेफील्डमधल्या एका अभ्यासात इसब असलेली 51 मुलं घेतली. ती आधीच उपचार घेत होती, तरी मलम कसं लावायचं हे त्यांच्या पालकांपैकी पाच टक्क्यांनाही कुणी दाखवलेलं नव्हतं आणि चौथा हिस्सा मुलांना मॉइश्चरायझर लावलंच जात नव्हतं. मग एका प्रशिक्षित परिचारिकेने प्रत्येक घराला आजार समजावला, स्वतः हाताने लावून दाखवलं, पुन्हा बोलावून पाहिलं. आठवड्याचं मॉइश्चरायझर सरासरी 54 ग्रॅमवरून 426 ग्रॅमवर गेलं, इसबाची तीव्रता 89 टक्क्यांनी घटली, आणि स्टिरॉइडचा एकूण वापर वाढला नाही. नवं औषध एकही नव्हतं. आपल्या बाह्यरुग्ण विभागांत डॉक्टरला एका बाळामागे काही मिनिटंच मिळतात, त्यात चिठ्ठी होते, दाखवणं होत नाही. हे काम परिचारिका करू शकते. लसीकरणाच्या दिवशी आशाताई करू शकतात, कारण दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना बाळ त्यांच्यासमोर येतंच, आणि गालांवरचे पहिले चट्टे नेमके याच वयात उठतात.